चेंडूशी बोलणारा माणूस

आमचे हे रोज सकाळी स्कूटर पुसताना तिच्याशी बोलतात. ‘आज नीट चाल हं, काल भर चौकात लाज आणलीस,’ असं काहीबाही. शेजारच्या गॅलरीतून हसू ऐकू येतं नि मी स्वयंपाकघरात कानकोंडी होते. पंचवीस वर्षं हेच चाललंय. ‘अहो, लोक काय म्हणतील!’ हे माझं पालुपद, आणि ‘लोकांना चालवायचीय का माझी स्कूटर?’ हे ह्यांचं ठरलेलं उत्तर.

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे राहून आले. ती अमेरिकेत, डेट्रॉइट शहराजवळ असते. संध्याकाळी जावईबापू टीव्हीवर बेसबॉल लावून बसायचे. मला आधी काही उमजेना. क्रिकेटची चुलत बहीण म्हणावी, तर चेंडूला टप्पा नाही नि स्टंपही नाहीत. मग हळूहळू लक्षात आलं. मधोमध मातीचा बसका उंचवटा असतो. त्यावर उभा राहून गोलंदाज, म्हणजे त्यांचा पिचर, बिनटप्प्याचा चेंडू फेकतो. समोरच्याच्या हाती गोल दंडुका. असे नऊ डाव. दोन चेंडूंच्या मधे वेळ बराच जातो, आणि तेवढा वेळ तो पिचर एकटा हजारो डोळ्यांपुढे उभा. माणूस मुळात कसा आहे ते तिथे लपत नाही.

लेकीच्या शेजारी एक सत्तरीला टेकलेल्या बाई राहतात. परसातले टोमॅटो द्यायला आल्या की घटकाभर बसायच्या. एकदा लेकीला दुभाषी करून मी त्यांना ह्यांच्या स्कूटरची गोष्ट सांगितली. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मग तुम्हाला बर्डबद्दल सांगायला हवं.’

बर्ड, म्हणजे पक्षी. खरं नाव मार्क फिड्रिच. १९७६ साली हा एकवीस वर्षांचा पोरगा ‘डेट्रॉइट टायगर्स’ संघात आला. सहा फुटांवर उंची, सडपातळ अंग, कुरळ्या केसांचं टोपलं. तिथे लहान मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’ कार्यक्रमात एक भला मोठा पिवळा पक्षी असतो, त्याच्यासारखा दिसतो म्हणून हे नाव पडलं. डाव सुरू करण्याआधी हा गुडघे टेकून बसायचा आणि त्या उंचवट्याची माती हातांनी सारखी करायचा. आपण अंगण सारवण्याआधी खड्डे बुजवतो ना, अगदी तसं. मग चेंडू तोंडाजवळ धरून पुटपुटायचा. लोक म्हणत, चेंडूशी बोलतो. तो म्हणे, मी माझ्याशीच बोलतो. एखाद्या चेंडूवर समोरच्याने चांगला फटका मारला, की तो चेंडू परत करून दुसरा मागायचा. का, तर तो बाकीच्या चेंडूंत जाऊन बसला म्हणजे त्याला जरा शहाणपण येईल! आणि आपल्या एखाद्या गड्याने छान झेल घेतला की धावत जाऊन त्याचा हात हातात घ्यायचा.

२८ जून १९७६ ला न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाशी सामना होता. तो देशभर टीव्हीवर दाखवला. मैदानात जवळजवळ ४८ हजार माणसं. पोराने सामना ५-१ असा जिंकला. पण लोक घरी जाईनात. ‘बर्डला बाहेर आणा’ असा घोष चालू राहिला, तो तो बाहेर येऊन टोपी हलवेपर्यंत. शेजारच्या बाई त्या गर्दीत होत्या. आईला न सांगता गेल्या होत्या, असं सांगताना या वयातही त्यांचे डोळे लुकलुकले. त्या वर्षी त्याने १९ सामने जिंकले, ९ हरला, आणि आपल्या लीगमधला वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. पगार वर्षाला साडेसोळा हजार डॉलर. बेसबॉल नसता तर गावच्या पेट्रोल पंपावर असतो, असं सहज सांगून टाकायचा.

मी विचारलं, एवढं वेड कशाचं हो? बाई म्हणाल्या, ‘तो आमच्याकडे बघतच नव्हता ना!’ मला ते पटलं. एकसारख्या पोशाखातली, मोजूनमापून बोलणारी माणसं, नि त्यांत एक जण आपल्याच कामात इतका गढलेला की कोण बघतंय याची शुद्ध नाही. नाटकीपणा असता तर दोन सामन्यांत उघडा पडला असता.

जावईबापूंना जोर आला. त्यांनी अशा वल्लींची माळच लावली. पण ऐकता ऐकता माझं मन मैदानातून उठून त्यांच्या घरात शिरलं. बायकांचं असंच होतं!

शंभरएक वर्षांपूर्वी फिलाडेल्फियाच्या संघात रूब वॉडेल म्हणून पिचर होता. १९०२ ते १९०७ सलग सहा वर्षं त्याच्या लीगमध्ये सर्वांत जास्त फलंदाज चेंडूवर चकवले ते त्यानेच. पण आगीचा बंब घंटा वाजवत निघाला की हा त्याच्यामागे धावणार. हाती पैसा टिकत नसे म्हणून त्याचा पगार एकेक डॉलरच्या नोटांत देत, असंही सांगतात. (ही युक्ती आपल्यापैकी कितीजणींनी घरात केली आहे, हात वर करा!) दौऱ्यावर दोघा खेळाडूंना एकाच बिछान्यात झोपावं लागे. त्याचा जोडीदार म्हणे करारावर सही करीना. हा रात्री बिछान्यात बिस्किटं खातो, ते बंद करण्याचं कलम घाला म्हणून अडून बसला. मी हे ऐकून हसले खरी, पण चादरीतले कण झटकलेल्या बाईला त्या जोडीदाराचं दुःख कळतं. लोक त्याच्यावर खूष, सोबतचे मात्र पार कंटाळले. शेवटी १९०८ साली संघाने त्याला विकून टाकलं. त्याची तीन लग्नं झाली, सुखाचा संसार एकही नाही. आणि हाच माणूस १९१२ साली केंटकीतल्या हिकमन गावी पूर आला, तेव्हा बर्फगार पाण्यात उभा राहून वाळूची पोती रचत होता. त्यात छाती धरली, मग क्षय झाला. ३७ व्या वर्षी गेला.

दुसरा वेड बॉग्ज. हा प्रत्येक सामन्याआधी कोंबडीच खायचा. १९८४ साली त्याने कोंबडीच्या पाककृतींचं पुस्तकसुद्धा काढलं. जावईबापू कौतुकाने सांगत होते. मी विचारलं, ‘वर्षाला सामने किती?’ म्हणाले, ‘१६२.’ मला तर आधी कोंबडी चिरणारे हातच दिसले.

योगी बेराची गोष्ट मात्र निखळ गंमतीची. मूळ नाव लॉरेन्स. पोरपणी मांडी घालून बसायचा. हिंदुस्थानातल्या एका योग्याचं चित्रण असलेला सिनेमा पाहून आलेल्या मित्राला तो तसाच वाटला, आणि ‘योगी’ हे नाव जन्माचं चिकटलं. खेळाडू म्हणून दहा वेळा जगज्जेत्या संघात होता. उलटसुलट बोलण्याबद्दल तो प्रसिद्ध. बायकोने एकदा विचारलं म्हणे, की तुम्ही वाढलात सेंट लुइसला, खेळलात न्यूयॉर्कला, घर न्यूजर्सीत. मग तुम्हाला पुरायचं कुठे? तर म्हणाला, ‘तूच चकित कर मला.’ असं उत्तर देणाऱ्याबरोबर ६५ वर्षांचा संसार करणं सोपं नसेल, पण कंटाळवाणंही नसेल.

आणि बर्ड? पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, सरावात गुडघा दुखावला. मग खांदा गेला. खांद्यातलं स्नायूचं बंधन फाटलंय हे कळायला १९८५ उजाडलं. तोवर त्याचा खेळ संपला होता. १९८० नंतर तो वरच्या दर्जाचा सामना खेळलाच नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या गावी शेतीवाडी केली, ट्रक चालवला. सासूबाईंचं छोटं उपाहारगृह होतं, तिथे मदतीला जायचा. २००९ साली ट्रकखाली दुरुस्ती करताना अपघात होऊन गेला, चोपन्न वर्षांचा असताना. शेजारच्या बाई एवढं सांगून थांबल्या. मग म्हणाल्या, ‘कडू झाला नाही हो तो कधी. आणि त्याच्या वेडाचा कोणाला त्रास नव्हता.’

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खालून आवाज आला, ‘तीन महिने ती नव्हती, पण तू होतीस बघ.’ मी गॅलरीत गेले. शेजारीण तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हटलं, ‘अहो, तिला सांगा, मी आलेय म्हणून.’