तळे खुले झाले, पाणी वस्तीपर्यंत आले का? मोफत डिजिटल साधने आणि लोटे परिसरातल्या शाळा

जून उजाडला की जिल्हा परिषद शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर लिंकांचा पाऊस सुरू होतो. दीक्षा ॲप, बालभारतीची ई-पुस्तके, गोष्टींची संकेतस्थळे, विज्ञानाचे प्रयोग. सगळे मोफत. खेड आणि चिपळूण यांच्या मध्ये, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेल्या लोटे परिसरातल्या शाळांनाही ही साधने 'उपलब्ध' आहेत, असे कागदावर खुशाल म्हणता येईल. पण उपलब्ध म्हणजे नेमके कोणाला, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. याच महामार्गाने उत्तरेला गेले की महाड लागते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. पुढे महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चालत गेली, तेव्हा कुठे ठरावाला अर्थ आला. ठरावाने तळे खुले झाले होते, पाणी मात्र मिळत नव्हते. आज ज्ञानाच्या बाबतीत आपण तशाच ठिकाणी उभे आहोत. इथे कोणी काठी घेऊन आडवे येत नाही. रेंज, वीज, मोबाइल आणि शिक्षकाचा वेळ या गोष्टी आडव्या येतात.

काय काय मोफत आहे?

आधी चांगली बाजू पाहू, कारण ती खरोखर मोठी आहे. दीक्षा हे केंद्र सरकारचे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव प्रश्न उघडतात. पुस्तकात असे कोड टाकण्याचा प्रयोग महाराष्ट्रात गाजवला तो माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. छोट्या वाडीवरच्या शाळेतून काय होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

याशिवाय प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टींची पुस्तके आहेत. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी आणि शेकडो पुस्तके आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पात विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स आहेत, त्यातली बरीच मराठीतही आहेत. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे सरकारने प्रसिद्ध केलेले इंग्रजी खंड पीडीएफ स्वरूपात मिळतात. एका पिढीपूर्वी हे सारे एका शाळेत असणे अशक्य होते.

अडते कुठे?

'असर २०२४'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात १४ ते १६ वयोगटातल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पण आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले सुमारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेली सुमारे ७६ टक्के. फोन वापरणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेल्या मुली मुलांपेक्षा बऱ्याच कमी आहेत. म्हणजे घरात फोन आला तरी तो मुलीच्या हाती, अभ्यासासाठी, हव्या त्या वेळी येईलच असे नाही.

कोकणात यात भूगोलाची भर पडते. महामार्गालगत रेंज मिळते, पण डोंगराच्या कुशीतल्या किंवा खाडीपट्ट्यातल्या वाडीत उंचवटा शोधावा लागतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागातली वीज कित्येक दिवस घालवली. शाळा बंद, शिक्षण 'ऑनलाइन' आणि घरात दिवा नाही, अशी ती वेळ होती.

शिक्षकांचे काय? २०२३ च्या आंतरजिल्हा बदल्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून शेकडो शिक्षक एकदम बाहेर गेले आणि शाळा चालवायला स्थानिक डी.एड. झालेल्या तरुणांना मानधनावर बोलवावे लागले. जे उरतात त्यांचा वेळ सरल, यू-डायस, पोषण आहाराची माहिती यांत जातो. २०२३ च्या अखेरीस विद्यार्थ्यांची हजेरीही चॅटबॉटवर नोंदवण्याचा आदेश आला. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींच्या फोनवर शिकवण्याचे ॲप कमी आणि माहिती भरण्याचे ॲप जास्त उघडते. साधन शिक्षकासाठी आहे की शिक्षक साधनासाठी, असा प्रश्न पडावा अशी ही स्थिती आहे.

मोफत आणि मोफत यात फरक

सगळे मोफत सारखे नसते. काही साधने एकदा उतरवून घेतली की कायमची आपली होतात. 'फेट'ची सिम्युलेशन्स एका फाइलमध्ये उतरवता येतात आणि इंटरनेटशिवाय चालतात. स्टोरीवीव्हरची पुस्तके क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर आहेत. ती छापा, वाटा, आपल्या बोलीत उतरवा, हरकत नाही. दीक्षावरचे धडेही डाउनलोड करून नंतर नेटशिवाय दाखवता येतात.

दुसऱ्या प्रकारचे मोफत म्हणजे आधी नोंदणी, मग मुलांची नावे, मग जाहिराती. ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ मध्ये ४९ देशांतल्या शैक्षणिक ॲप्सची तपासणी केली, तेव्हा बहुतेक ॲप्स मुलांची माहिती गोळा करत असल्याचे आढळले. सरकारी दीक्षावरही त्यात आक्षेप होते. शिक्षकाने नवे साधन घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: नेटशिवाय चालते का, मुलांची माहिती मागते का, आणि उद्या कंपनीने बंद केले तर आपल्या हाती काय उरते.

लोटेत याचा अर्थ काय?

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. सांडपाणी आणि दाभोळ खाडी हा इथल्या मच्छीमारांचा जुना झगडा आहे. अशा गावातल्या मुलाला आम्ल, आम्लारी आणि सामू हा फळ्यावरचा धडा नसतो, दारातला धडा असतो. 'फेट'वर सामूचा प्रयोग पाहिलेली, लिटमस कागदाने विहिरीचे पाणी तपासलेली मुलगी उद्या ग्रामसभेत प्रश्न विचारू शकते. कारखान्याच्या गेटवर हेल्पर म्हणून उभे राहायचे की प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ म्हणून बसायचे, याचा निकाल पुष्कळदा आठवी-नववीच्या विज्ञानाच्या तासाला लागतो. म्हणून हा प्रश्न आमच्या लेखी केवळ तंत्रज्ञानाचा नाही.

आपण काय करू शकतो?

सरकारकडे मागण्या आहेतच. प्रत्येक शाळेला चालू वीज जोडणी आणि बिलाची तरतूद, रिक्त पदे भरणे, माहिती भरण्याच्या कामातून शिक्षकांची सुटका. २०१७ मध्ये बंद केलेल्या बालचित्रवाणीसारखी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी स्वतंत्र संस्था पुन्हा उभी राहावी, हीही मागणी आहे.

पण महाडचा धडा असा की ठरावाची वाट पाहत बसून तळे खुले होत नाही. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक बौद्धवाडीला विहार आहे आणि मुंबईत तिचे मंडळ आहे. जयंतीच्या वर्गणीतून एक जुना लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि एक हार्ड डिस्क घेणे मंडळाला जड नाही. मुंबईला शिकणारी पोरे गणपती-मे महिन्यात गावी येतात. त्यांनी शहरातल्या चांगल्या इंटरनेटवर धडे, गोष्टी, प्रयोग उतरवून ती डिस्क शाळेच्या गुरुजींच्या आणि बाईंच्या हाती द्यावी. त्यांना काय हवे आहे ते मात्र आधी विचारावे. वर्षावासात संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतेच, त्याला जोडून तासभर मुलांसाठी ठेवावा. तो तास सगळ्या वाड्यांच्या आणि कारखान्यात कामाला आलेल्या परप्रांतीय कामगारांच्या मुलांनाही खुला असावा.

येत्या वर्षावासात एका विहारात, एका शाळेपासून सुरुवात झाली तरी पुरेसे आहे. पुढच्या जूनमध्ये लिंकांचा पाऊस पुन्हा पडेल, तेव्हा लोटे परिसरातल्या किमान एका वर्गात त्यातले काहीतरी मुलांच्या डोळ्यांसमोर चालू असले पाहिजे.