चालकाची झोप हाही उसाचाच प्रश्न



हंगाम भरात आला की आमच्याकडे तक्रार येते ती एकच : "साहेब, ऊस तोडून पडलाय, गाडी कुठं अडकली?" तक्रार रास्त आहे. तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. फडात वाळला की वजन घटते, उतारा घसरतो. पण गाडी कुठे आहे हे विचारणारे आपण, गाडीवाला शेवटचा कधी झोपला हे मात्र कधीच विचारत नाही.

मागच्या हंगामात एका पहाटे आम्ही यार्डात फिरत होतो. एका ट्रकचालकाचे डोळे तांबडेलाल दिसले. झोप झाली का, म्हणून विचारले तर म्हणाला, "नंबरात उभा असतो की साहेब, तेवढीच झोप." आता बघा, नंबर सरकला की उठून गाडी पुढे घ्यायची, पुन्हा डोळा लागतो तोच पुन्हा उठायचे. याला झोप म्हणायचे काय? गाडी रिकामी झाली की हाच माणूस पुढच्या खेपेला रस्त्याला लागतो, अन् त्याच रस्त्याने आपली पोरे सायकलवर शाळेला जातात.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने याचा हिशेब घालून दिला होता. दिवसाचे काम 8 तास, लांब पल्ल्याला मंजुरी घेऊन 10 तास. सलग 5 तास काम झाले की निदान अर्धा तास विसावा आणि एक दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग 9 तास मोकळे. युरोपात तर साडेचार तास गाडी हाकली की 45 मिनिटे थांबावेच लागते आणि रोजची विश्रांती साधारण 11 तासांची असते. गाडीतले यंत्रच त्याची नोंद ठेवते. आपला कायदा मात्र 5 किंवा जास्त कामगारांच्या धंद्यासाठी होता. ऊस वाहणारे बरेच जण एका-दोन गाड्यांचे मालक, म्हणजे गरजवंतच बाहेर राहिला. पुढे कामगार कायद्यांच्या संहिता आल्या, पण संहिता बदलली म्हणून माणसाची झोप कमी होत नाही.

कोणी म्हणेल, विश्रांती दिली तर खेपा घटतील, ऊस वाळेल. खरे सांगायचे तर ऊस वाळतो तो चालकाच्या झोपेमुळे नव्हे, यार्डातल्या रांगेमुळे. गाळपापेक्षा जास्त तोडी दिल्या की रांग लागते. हा दोष आमच्या शेतकी खात्याचाही आहे, तो आम्ही नाकारत नाही.

म्हणून आमचे मत असे : तोडीच्या चिठ्ठ्या गाळपाच्या मापानेच द्याव्यात. यार्डात नंबर टोकनाने लावावा, म्हणजे चालकाला गाडी सोडून पाठ टेकता येईल. त्यासाठी पाणी, संडास आणि बाजांची सोय असलेली एक खोली असावी. रात्रीच्या खेपेला दुसरा चालक असल्याशिवाय ठेकेदाराने गाडी सोडू नये.

आणि सभासदांनी एवढेच करावे. फडात गाडी भरून झाली अन् चालक पेंगताना दिसला, तर "चल, निघ लवकर" म्हणू नका. त्याला दोन घास खाऊ द्या, घटकाभर झोपू द्या. एक खेप उशिरा आली तर ती भरून काढता येते. घरचा कर्ता गेला तर ते नुकसान कोणत्याही हप्त्यात भरून निघत नाही.

— ऊस विकास अधिकारी