पळालेला बाप आणि न कळवलेला बाप

‘नऊ महिने तोंड न दाखवणाऱ्याला दत्तकप्रकरणात हक्क कसला?’ हे ठाण्याच्या वाचकाचे पत्र वाचले. संताप समजतो. पण पळून गेलेला आणि ज्याला कळवलेच नाही असा, दोन्ही बाप एका मापाने मोजू नयेत. समजा, कल्याणची एखादी गरोदर मुलगी घरच्यांनी रातोरात गावी धाडली, फोन काढून घेतला, तर बाळाच्या बापाला पत्ता लागणार कसा?

२०२२च्या दत्तक नियमावलीनुसार लग्नाबाहेर जन्मलेले मूल सोपवण्याचा अधिकार फक्त आईला. बालकल्याण समितीपुढे सही झाली की फेरविचाराला ६० दिवस. सोपवलेल्या मुलाची जाहीर सूचना निघत नाही आणि ते योग्यच. आईची ओळख फुटता कामा नये. पण मग हे ६० दिवस सुरू झाल्याचे बापाला सांगणार कोण? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला बापाला नोटीस न देता पालकत्व मागू दिले, तेही मला पटते. त्या बापाला मुलाची पर्वाच नव्हती.

न्यूयॉर्कमध्ये अविवाहित बाप सरकारी नोंदवहीत नाव घालू शकतो. न घालणारा १९८३च्या लेहर खटल्यात थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. कठोर आहे खरे, पण दार तरी आहे! आपल्याकडे जिल्हा बाल संरक्षण कक्षात अशी गोपनीय वही ठेवायला काय हरकत? बळजबरी करणाऱ्याला ती अर्थातच बंद.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)