काजू वाळला तो आमच्या आळसानं नाही!



यंदाही तेच चाललंय. साहेब प्लॉटवर येतो, वाळलेली काजूची कलमं मोजतो आणि म्हणतो, "तुम्ही लोक लक्ष देत नाही. जमीन कसत नाही, मग दावा कशाला?" आळसानं झाडं मेली असं एकदा कागदावर चढलं की दावा नामंजूर करायला सोपं. हा डाव ओळखा.

कलम कशानं मरतं ते आम्हाला दिसतं. उघड्या माळावर दुपारचं ऊन कोवळ्या खोडाला लागतं, साल तडकते. सालीच्या भेगांत खोडकिडा अंडी घालतो. अळी आतून पोखरते. बुंध्याशी डिंक नि भुसा दिसतो, पानं पिवळी पडतात, झाड जातं. दुसरा ढेकण्या. तो शेंड्याचा नि मोहोराचा रस शोषतो. मोहोर करपतो, आपण म्हणतो उन्हानं जळला.

उपाय आहेत. खोडाला चुना, उन्हाच्या बाजूनं आडोसा, भुसा दिसताच तारेनं अळी काढणं. पानं जोडून घर करणाऱ्या लाल मुंग्या ढेकण्याला धरतात, त्यांची घरं मोडू नका. पण कलमं वाटताना फोटोला आम्हाला उभं करणारे, औषध-सल्ला मागितला की सातबारा मागतात. सातबारा द्यायचा कोणी? तुम्हीच ना!

आणि फवारा आला तरी डोळे झाकून घेऊ नका. केरळात कासरगोडला ह्याच ढेकण्यासाठी सरकारी काजूमळ्यांवर 2000 सालापर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान मारलं. खालच्या गावांनी ते अंगावर घेतलं. सुप्रीम कोर्टानं 2011 साली बंदी घातली, 2017 साली पीडितांना पाच-पाच लाख द्यायला सांगितले. पैशानं गेलेलं अंग परत येत नाही.

म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या:
1) मेलेल्या झाडांचा पंचनामा ग्रामसभेसमोर होईल, कारण लिहिलं जाईल.
2) दावा प्रलंबित असला तरी कलमांसोबत देखभालीची मदत मिळालीच पाहिजे.
3) कोणतं औषध, किती, कशासाठी, हे मराठीत सांगितल्याशिवाय फवारणी नाही.

वनहक्क कायदा 2006, कलम 4(5) सांगतं: दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून कोणाला हटवता येत नाही. बांध, सपाटीकरण, घर हे पुरावे आहेत. झाड मेलं तरी बांध जागेवर आहे, आम्हीही आहोत.