हरणे संपली नाहीत, सरकली

अमेरिकेत नोव्हेंबर उजाडला की लाखो माणसे नारिंगी जाकिटे चढवून पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात. हा हरणांच्या शिकारीचा हंगाम. विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीच्या शिकारीचा मुख्य हंगाम जेमतेम नऊ दिवसांचा, पण त्यासाठी पाच लाखांहून अधिक परवाने विकले जातात. हंगाम सरला की एक तक्रार दरवर्षी ऐकू येते : सरकारी जंगलात हरणे उरलीच नाहीत. आकडे मात्र वेगळे सांगतात. बेसुमार शिकारीमुळे 1900च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे देशभरात पाच लाख किंवा त्याहूनही कमी उरली होती. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मग शिकारी खोटे बोलतात का? तसेही नाही. हरणे आहेत, पण शिकारी जिथे आणि ज्या वेळी असतो, तिथे आणि त्या वेळी ती नसतात.

हे समजून घ्यायचे तर आधी जमिनीचा हिशेब पाहावा लागतो. अमेरिकेतील सुमारे 28 टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. त्यातील बरीचशी पश्चिमेकडील राज्यांत आहे. टेक्साससारख्या राज्यात उलट 95 टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. वन्यप्राणी कायद्याने कोणा जमीनमालकाचे नसतात, ते जनतेचे मानले जातात आणि राज्य सरकार त्यांचे विश्वस्त असते. पण खासगी जमिनीत पाऊल ठेवायला मालकाची परवानगी लागते. ज्याच्याकडे स्वतःचे रान नाही आणि भाड्याने घेण्याइतके पैसे नाहीत, त्याच्यासाठी उरते ती सार्वजनिक जमीन. त्यामुळे गर्दी होते ती तिथेच.

ही गर्दीही सगळीकडे सारखी नसते. पेनसिल्व्हेनियातील सार्वजनिक जंगलांत शिकारी नेमके कुठे असतात याची पाहणी झाली, तेव्हा बहुतेक जण रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतच आढळले. चढ जितका तीव्र, तितकी माणसे कमी. वेळेचेही तसेच. विस्कॉन्सिनमध्ये नऊ दिवसांतील जवळपास निम्मी शिकार पहिल्या शनिवार-रविवारीच होते. याचे एक कारण उघड आहे : त्या दोन दिवशी सर्वाधिक माणसे जंगलात असतात. दुसरे कारण हरणांच्या बाजूचे आहे. पहिल्या गोळीबारानंतर हरीण बदलते.

हा बदल ओक्लाहोमा राज्यातील एका प्रयोगात नेमकेपणाने दिसला. एका मोठ्या रानाचे तीन भाग करण्यात आले. एका भागात शिकारीच नव्हते, दुसऱ्यात दर 101 हेक्टरला एक, तर तिसऱ्यात दर 30 हेक्टरला एक. नरांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधले होते. हरणे आपला नेहमीचा मुलूख सोडून पळाली नाहीत. त्यांनी फिरणे कमी केले आणि ती दाट झाडोऱ्यात राहू लागली. जसजसे दिवस गेले, तसतशी ती शिकाऱ्यांना दिसेनाशी झाली. फ्लोरिडातील एका राष्ट्रीय वनात तर असे आढळले की हंगामात हरणे दिवसा रस्त्यांपासून दूर राहतात आणि उघड्या जागी रात्री येतात. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, म्हणून त्या जाकिटांनी फारसे बिघडत नाही. ती शिकाऱ्यांना एकमेकांपासून वाचवण्यासाठी असतात. हरणाला माणसाची चाहूल लागते ती मुख्यतः वासाने आणि आवाजाने.

एल्क हे सांबराच्या जातकुळीतील मोठे हरीण याच्याही पुढे जाते. ते सरळ मालकच बदलते. मोंटाना आणि यूटा राज्यांतील पट्टे बांधलेल्या एल्कच्या नोंदींनुसार, शिकारीचा हंगाम सुरू होताच त्यांचे कळप सार्वजनिक जमीन सोडून शिकारीला मज्जाव असलेल्या खासगी जमिनीकडे सरकतात आणि हंगाम संपला की परततात. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. जे एल्क जास्त हिंडत होते आणि उघड्यावर येत होते, ते मारले गेले; दबकून राहणारे वाचले. माद्या तर वयाबरोबर शिकत जातात. दहाएक वर्षे जगलेली मादी शिकाऱ्याच्या हाती क्वचितच लागते. म्हणजे दडपणामुळे कळपात मागे राहतात ते मुख्यतः लपण्यात तरबेज झालेले प्राणी.

हे वागणे केवळ बंदुकीच्या धाकाने येते असेही नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात 2018 मध्ये आलेल्या एका अभ्यासात सहा खंडांतील 62 सस्तन प्राण्यांविषयीचे 76 अभ्यास एकत्र तपासले गेले. माणसांचा वावर वाढला की प्राण्यांचे रात्रीचे व्यवहार सरासरी 1.36 पट होतात, असे त्यातून दिसले. जो प्राणी आपली निम्मी हालचाल रात्री करायचा, तो आता 68 टक्के हालचाल रात्री करतो. माणसे शिकारीसाठी आली होती की नुसती भटकायला, याने फारसा फरक पडला नाही.

हा प्रश्न शिकाऱ्यांच्या निराशेपुरता असता, तर त्याची दखल आरोग्याच्या सदरात घेण्याचे कारण नव्हते. अमेरिकेच्या बऱ्याच भागांतून लांडगे आणि प्यूमा हे हरणांचे शत्रू कधीच नाहीसे झाले. तिथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे मुख्य साधन म्हणजे हीच शिकार. पण गर्दीने हरणे सुरक्षित जागी दाटली, तर जिथे संख्या कमी व्हायला हवी तिथेच ती वाढते. अशा दाटीत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ला वाव मिळतो. प्रिऑन या विकृत प्रथिनामुळे होणारा हा रोग हरणांसाठी हमखास प्राणघातक आहे. तो कोलोरॅडोत 1967 मध्ये प्रथम दिसला आणि आता 30हून अधिक राज्यांत पोहोचला आहे. प्रिऑन मातीत वर्षानुवर्षे टिकतात. माणसाला हा रोग झाल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

लाइम रोगाचा संबंध थोडा वेगळा आहे. त्याचे जिवाणू गोचिडीला मिळतात ते मुख्यतः उंदरांसारख्या लहान प्राण्यांकडून. पण प्रौढ गोचिडी पोसल्या जातात हरणांच्या अंगावर. अमेरिकेत दरवर्षी सुमारे 4 लाख 76 हजार जणांवर या रोगासाठी उपचार होतात, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. हरणे कमी केली की रोग तितकाच कमी होतो, इतके हे गणित सरळ नाही. पण वस्तीला लागून हरणे दाटणे कोणाच्याच हिताचे नाही. न्यू जर्सीत नातेवाईक असलेल्या मराठी कुटुंबांनी अंगणातील झाडे फस्त करणारी हरणे आणि संध्याकाळी गाडीपुढे अचानक आलेले हरीण, या गोष्टी ऐकलेल्या असतातच. नोव्हेंबर हा त्यांच्या माजाचा काळ. अशा अपघातांचाही तोच मोसम.

म्हणूनच जमिनीवर जाण्याचा हक्क हा तिथे सध्या कळीचा मुद्दा झाला आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे देण्यात आले. त्यामुळे पश्चिमेत सरकारी आणि खासगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी मांडली गेली. सरकारी चौकोनातून दुसऱ्या सरकारी चौकोनात जायचे तर फक्त कोपरा ओलांडावा लागतो. वायोमिंगमध्ये 2021 साली चार शिकाऱ्यांनी शिडी लावून तो ओलांडला आणि जमीनमालकाने त्यांच्यावर दावा ठोकला. मार्च 2025 मध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. कोपऱ्यांत अशी अडकलेली सार्वजनिक जमीन 80 लाख एकरांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. त्याच वर्षी जूनमध्ये लाखो एकर सरकारी जमीन विकण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला होता. विरोध करणाऱ्यांत निसर्गप्रेमींच्या जोडीला शिकारीही होते आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला. बंदुका आणि काडतुसांवरील करातून वन्यजीव संवर्धनाला पैसा देणारा कायदा तिथे 1937 पासून आहे. त्यामुळे शिकाऱ्यांच्या शब्दाला वजन असते.

कोपरे मोकळे झाल्याने सगळे सुटेल असे मात्र नाही. आजवर जिथे माणूस पोहोचत नव्हता, ती हरणांची विसाव्याची जागा होती. तिथेही गर्दी पोहोचली, तर कळप आणखी लवकर खासगी कुंपणाआड जातील. खरा उपाय दडपण सर्वत्र वाढवण्यात नसून ते विभागण्यात आहे. मोंटानात जमीनमालकांना मोबदला देऊन त्यांची राने शिकाऱ्यांसाठी खुली करण्याची योजना अनेक वर्षे चालू आहे आणि तिच्यात सुमारे 70 लाख एकर जमीन येते. काही ठिकाणी हंगामापुरते जंगलातील रस्ते बंद ठेवतात, काही ठिकाणी सोडत काढून परवान्यांची संख्या मर्यादित करतात. या साऱ्यांत अवघड भाग जमीनमालकांचा. ज्यांना हरणे आपल्याच रानात हवी आहेत, ते फाटक उघडायला सहसा राजी नसतात.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे ही तुलना थेट लागू होत नाही. पण प्राणी दिसले नाहीत म्हणजे ते संपले आणि भरपूर दिसले म्हणजे वाढले, हा अंदाज आपणही सहज बांधतो. चितळ, सांबर किंवा भेकर किती दिसले हे मोजताना त्या वाटेवर त्या दिवशी किती गाड्या आणि किती माणसे होती, याचीही नोंद शेजारी असायला हवी. ती नसेल, तर आपण मोजतो ते प्राणी किती हे नव्हे, तर आपल्याला किती सापडले एवढेच.