महानच्या पाण्याचा हिशेब

उन्हाळ्यात अकोल्यात दोन माणसं भेटली की एक प्रश्न हमखास निघतो: महानमध्ये पाणी किती उरलं? बार्शीटाकळी तालुक्यातल्या महान गावाजवळ काटेपूर्णा नदीवर हे धरण आहे. साठा 86.35 दलघमी. जायकवाडीपुढे हे तळंच म्हणायचं. पण अकोला शहर, मूर्तिजापूर, खांबोऱ्याची 64 खेडी योजना, एमआयडीसी आणि शेतकऱ्यांचे कालवे, सगळ्यांची नजर त्याच्यावर. आणि ते भरतं शेजारच्या वाशीम जिल्ह्यातल्या पावसानं. मालेगावकडे ढग फिरकले नाहीत तर अकोल्यात कितीही कोसळो, उपयोग थोडाच.

राज्याच्या धोरणात क्रम ठरलेला आहे: आधी पिणं, मग शेती, मग उद्योग. (शेतीला दुसरा नंबर परत मिळायला 2011 उजाडलं.) या क्रमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पिण्याच्या नावावर शहराकडे निघालेल्या पाण्याचा हिशेब कुणी मागत नाही याची. साठा घटला की कात्री लागते हरभऱ्याला, गव्हाला. फुटक्या पाइपातून रस्त्यावर वाहणारं पाणी मात्र वाहतच राहतं.

खारपाणपट्ट्यातल्या गावांचं दुखणं आणखी वेगळं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अकोल्यापासून अमरावतीच्या दर्यापूरपर्यंत, विहिरीत पाणी आहे पण तोंडात घेववत नाही. म्हणून दर्यापूर-अंजनगाव शहानूर धरणाकडे बघतात आणि आपली 64 खेडी महानकडे. महानचं पाणी नदीत सोडतात, ते खांबोऱ्याच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं. वाटेत काही जिरतं, काही मोटारी खेचतात. त्या मोटारवाल्याला चोर म्हणणं सोपं आहे. डोळ्यांदेखत पीक वाळत असताना बांधाशेजारून वाहणारं पाणी बघत बसणं अवघड.

दोस्तांनो, आपल्या मोहल्ल्यांत उन्हाळ्यात सबील लागते, पोरं स्वतःच्या खिशातून टँकर आणतात. चांगलंच आहे. पण मे महिन्यातली टंचाई ठरते ऑक्टोबरमध्ये, 15 तारखेचा साठा धरून आरक्षणाच्या बैठका होतात तेव्हा. त्या वेळी आपण कुठे असतो? अकोल्याच्या आणि बार्शीटाकळीच्या पोरांनी एकत्र बसून नगरसेवकाला, आमदाराला एवढंच विचारावं: शहरासाठी किती पाणी राखलं, नळापर्यंत किती पोचलं आणि मधलं कुठे गेलं? बैठकीला जाताना मशिदीतला वुजूचा गळका नळही दुरुस्त करून जावं. तेही पाणी महानचंच आहे.