कार्बनचं कोठार धुऱ्याच्या आत
हवेतला कार्बन शोषून घ्यायची अपेक्षा आपण जंगलाकडूनच करतो. पण वातावरण आणि सगळी वनस्पतीसृष्टी मिळून जितका कार्बन धरतात, त्याहून जास्त तो जगातल्या मातीत आहे. म्हणून हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावसारख्या सोयाबीन-हळदीच्या पट्ट्यात शेत हेच मोठं कोठार ठरतं. काळ्या मातीतले चिकणकण सेंद्रिय कार्बनला घट्ट धरतात. तरीही मराठवाड्यातल्या अनेक शेतांत तो अर्ध्या टक्क्याखाली आहे. गुरं घटली, शेणखत आटलं, नांगरलेली माती उन्हात उघडी तापते आणि कापसाची पऱ्हाटी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटते.

यावर विचारलं जातं, धूर कारखान्यांचा, मग कार्बन शेतकऱ्यानेच का राखावा? कारखान्यांकडून हिशेब घ्यायलाच हवा. माती काही त्यांना माफीपत्र देत नाही. पण वरच्या 15 सेंटिमीटर थरात सेंद्रिय कार्बन 0.1 टक्क्याने वाढला, तर हेक्टरी सुमारे 2 टन साठतो आणि पावसाच्या खंडात ओल टिकायलाही मदत होते. म्हणजे पहिला लाभ शेतकऱ्याचाच. पऱ्हाटी न जाळता मातीत घालायची, तर रब्बीची घाई आणि मजुरांची टंचाई, ही अडचण मात्र खरी. ती नुसतं ‘पेटवू नका’ असं सांगून सुटत नाही. साठवलेल्या कार्बनचे पैसे देणाऱ्या कार्बन क्रेडिटच्या करारांआधी गावात पऱ्हाटी बारीक करणारं यंत्र परवडणाऱ्या भाड्याने मिळायला हवं.